थांबण्यासाठी बांधलेली गाडी

माल पोचवणाऱ्या छोट्या गाडीचे माहितीपत्रक हाती घेतले, की त्यात दोन आकडे सर्वांत ठळक छापलेले दिसतात : गाडी किती किलो माल वाहते आणि एका लिटरमध्ये किती किलोमीटर जाते. पुण्याच्या पेठांमध्ये किराणा दुकानांना माल पुरवण्याचा व्यवसाय करताना माझे मत असे झाले आहे, की आमच्या कामाचा खरा हिशेब या दोन्ही आकड्यांच्या बाहेरच राहतो. उदाहरणादाखल एका फेरीत तीस दुकाने आणि दुकानामागे आठ मिनिटे धरली, तर चार तास गाडी नुसती उभी असते. सगळ्या फेरीचे अंतर वीस किलोमीटर आणि वेग ताशी पंधरा धरला, तर प्रत्यक्ष चालण्यात जेमतेम एक तास वीस मिनिटे जातात. वेग दुप्पट केला (लक्ष्मी रस्त्यावर तो करून दाखवणाऱ्याला माझा नमस्कार) तरी चाळीस मिनिटेच वाचतात. उलट प्रत्येक दुकानापाशी दोन मिनिटे वाचली, तर पूर्ण तास हाती येतो. म्हणून अशा गाडीची रचना ती उभी असताना काय घडते, हे पाहून व्हायला हवी.

आपल्याकडे या दिशेने पडलेले सर्वांत मोठे पाऊल म्हणजे मे 2005 मध्ये बाजारात आलेली टाटा एस, म्हणजेच आपला ‘छोटा हत्ती’. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील चमूने पुण्यात ती घडवली. टाटांच्याच इंडिका मोटारीचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन निम्मे करून 702 सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन तयार केले, भारक्षमता पाऊण टनाची ठेवली आणि किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास राखली. तीनचाकी टेम्पो आणि टाटांचा ‘चारशे सात’ ट्रक यांच्यामधली रिकामी जागा तिने भरून काढली आणि पुढे तिची विक्री वीस लाखांच्या पलीकडे गेली, हे सगळे सर्वज्ञात आहे. माझ्या दृष्टीने तिचा खरा गुण मात्र 4.3 मीटरची वळणत्रिज्या, म्हणजे थोडक्या जागेत वळण्याची क्षमता, हा आहे. गल्लीत समोरून दुसरा टेम्पो आला, तर मागे घेऊन वळवता येईल आणि दोन स्कूटरींच्या पुढे उरलेल्या जागेत उभी करता येईल, अशी ती चारचाकी होती. जड वाहनांना दिवसा शहरात बंदी असते. तिथे तिला मोकळीक मिळाली, हा आणखी एक फायदा.

पण गाडी उभी राहिल्यावर पुढे काय, हा प्रश्न तिनेही अर्धाच सोडवला. हौद्याची, म्हणजे माल ठेवायच्या मागच्या भागाची, उंची हा त्यातला मुख्य भाग. इंजिन पुढे आणि चालना मागच्या चाकांना, अशा गाडीत चौकटीखालून इंजिनाची शक्ती मागे नेणारा दांडा (प्रोपेलर शाफ्ट) जातो, मागे चाकांना जोडणारी जाड धुरा आणि भार पेलणारे स्प्रिंगचे पाटे येतात, भरलेल्या गाडीने खड्ड्यात आदळल्यावर त्यांना हलायला जागा लागते आणि या सगळ्याच्या वर हौदा बसतो. परिणामी माल उतरवायला एक माणूस हौद्यात आणि दुसरा खाली उभा करावा लागतो; एकटाच असेल, तर तो फाळका उघडतो, वर चढतो, खोके काठापर्यंत ओढतो, खाली उतरतो आणि मग ते खांद्यावर घेतो. तीस दुकानांना हे तीस वेळा. युरोपातल्या फियाट डुकाटोसारख्या गाड्यांत चालना पुढच्या चाकांना असल्यामुळे मागच्या हौद्याची उंची रस्त्यापासून दोन फुटांच्या आतबाहेर आणता आली आहे. ते आपल्याकडे सरसकट का झाले नाही, याचे कारणही खरे आहे : मागे भार वाढला, की पुढच्या चाकांवरचा भार त्या प्रमाणात पुरत नाही आणि चढावर ती चाके जागीच फिरतात, शिवाय पाऊण टनाच्या गाडीत सव्वा टन भरणाऱ्या देशात मागची चालना आणि जाड पाटे यांचाच भरवसा वाटतो. रचनाकाराला दोष देण्याआधी आपण माल किती भरतो, हे पाहावे लागते.

दुसरा प्रश्न हौद्याच्या आतला. फक्त मागून उघडणाऱ्या बंदिस्त गाडीत शेवटच्या दुकानाचा माल सर्वांत आधी आणि पहिल्या दुकानाचा सर्वांत शेवटी भरावा लागतो. कागदावर हा क्रम निर्दोष आहे. पण चौथे दुकान बंद असते, सातव्याचा मालक ‘दुपारी या’ म्हणतो, आणि प्रत्येक दुकानातून मुदत संपलेला माल, फुटलेले पुडे व रिकामे क्रेट परत येतात. ते सगळे दाराशीच ठेवावे लागतात, कारण आत जायला वाट नसते. मग नवव्या दुकानाची तेलाच्या पिशव्यांची पेटी काढायची, तर आधी परतीचा ढीग रस्त्यावर उतरवायचा, साबणाची दोन खोकी त्यावर रचायची, हवी ती पेटी ओढायची आणि उतरवलेले सगळे पुन्हा आत ढकलायचे. मागे रिक्षावाला हॉर्न वाजवत असतो, हे वेगळे सांगायला नको. एका पेटीच्या विक्रीसाठी अशी पाच-सहा वेळा उचलाठेव होते आणि तिची नोंद कोणत्याही खर्चपत्रकात येत नाही.

या कोड्याचे उत्तम उत्तर शीतपेयांच्या गाड्यांनी कधीच शोधले होते. दोन्ही बाजूंना आतल्या अंगाला किंचित कललेल्या फळ्या, प्रत्येक क्रेट जमिनीवर उभे राहून हाताला येणारा, आणि भरलेला क्रेट काढला की त्याच खाचेत रिकामा क्रेट. परतीच्या मालाला जागा कुठे, हा प्रश्नच तिथे उरत नाही. अमेरिकेतल्या यूपीएस या पार्सल पोचवणाऱ्या कंपनीच्या तपकिरी गाड्यांनी दुसरा मार्ग घेतला : चालकाच्या जागेतून दाराने थेट मालाच्या खोलीत जाता येते, माणूस ताठ उभा राहतो, दोन्ही भिंतींना क्रमांक घातलेल्या फळ्या असतात आणि छत अर्धपारदर्शक असल्यामुळे दिवसा दिवा लागत नाही. यात मालाची बरीच जागा वाटेत वाया जाते, असे पहिल्या नजरेत वाटते. परंतु त्या वाटेमुळेच कोणतीही वस्तू कोणत्याही क्रमाने काढता येते.

उतरण्याची बाजू हा विषय आपण तर विचारातच घेत नाही. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि दुकान डावीकडे असते, म्हणजे एकट्या चालकाने माल द्यायचा असेल, तर प्रत्येक थांब्यावर त्याने वाहत्या रहदारीत उतरून गाडीला वळसा घालायचा. अमेरिकी टपाल खात्याने यावर उलटा विचार केला. ग्रमन कंपनीने, म्हणजे चंद्रावर उतरलेले यान बांधणाऱ्या कंपनीनेच, 1987 ते 1994 या काळात त्यांच्यासाठी जी ॲल्युमिनियमची टपालगाडी बनवली, तिचे सुकाणू अमेरिकेत असूनही उजव्या हाताला होते, जेणेकरून टपालवाल्याला जागेवरून न उठता रस्त्याकडेच्या पेटीत पत्रे टाकता यावीत. चोवीस वर्षांचे आयुष्य धरून आखलेल्या त्या गाड्या त्याहून अधिक काळ राबल्या. वातानुकूलन नसल्यामुळे टपालवाले उन्हाळ्यात भाजून निघाले, हेही तितकेच खरे. माणूस केंद्रस्थानी ठेवताना त्याला घाम येतो, हे विसरले गेले.

भारक्षमतेच्या आकड्याविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. वेफर्स, कुरमुरे यांनी सात फुटी हौदा छतापर्यंत भरला, तरी वजन क्षमतेच्या बरेच खाली राहते. पाण्याच्या बाटल्या आणि तेल भरले, तर हौदा अर्धा रिकामा असतानाच पाटे बसतात. एकच गाडी दोन्ही कामांना लावणाऱ्याने घनफूट आणि किलो असे दोन्ही हिशेब मांडले पाहिजेत.

विजेच्या गाड्यांमुळे या रचनेला नव्याने सुरुवात करता येईल, अशी आशा होती. थांबत-थांबत चालणे त्यांना मानवते : थांब्यावर इंजिन चालू ठेवण्याचा प्रश्न नाही, क्लच प्लेट घासत नाही, आणि ब्रेक लावताना थोडी ऊर्जा बॅटरीत परत येते. 2022 मध्ये टाटा एसची विजेवरची आवृत्ती आली, तिची 21.3 किलोवॅट-तासांची बॅटरी शहरातल्या आमच्यासारख्या फेरीला पुरेशी आहे. मात्र जुन्या सांगाड्यात मोटार बसवली, की हौदा जुन्याच उंचीवर राहतो. त्यामुळे तूर्तास बॉडी बांधणाऱ्या कारागिरालाच धरावे लागते. त्याच्याकडे मी तीन गोष्टी मागतो : डाव्या बाजूला सरकते दार, कारण बिजागरीचे दार पेठेत स्कूटरवर आपटते, त्या दाराखाली घडीची पायरी, आणि मागच्या कोपऱ्यात जाळी लावून परतीच्या मालाचा वेगळा कप्पा. या तिन्हींमुळे गाडीचे रिकामे वजन काही किलोंनी वाढते आणि माल तेवढा कमी बसतो, पण त्या बदल्यात नवव्या दुकानाची पेटी बाजूच्या दारातून थेट हाती येते.