रेघ वर गेली म्हणजे काय?

"ताई, ही रेघ वर चाललीय. म्हणजे विहिरींना पाणी वाढलं का?"

आज नाशिकमध्ये भूजलावरच्या एका सादरीकरणात निफाडकडच्या एका काकांनी हे विचारलं आणि सभागृह गप्प झालं.

आलेखात उभ्या अक्षावर पाण्याची खोली होती, जमिनीपासून किती मीटर खाली ती. शून्य तळाशी. त्यामुळे रेघ जितकी वर, पाणी तितकं खोल! सांगायचं होतं पाणी उतरतंय, आणि डोळ्यांना दिसत होतं चढताना.

काकांनी जे दिसलं तेच वाचलं. विहिरीत रोज डोकावणारा माणूस खोल पाणी खालीच शोधणार ना? शून्य वर घ्यायचा, तिथे 'जमीन' असं लिहायचं, की रेघ पाण्यासोबतच खाली उतरते. भूजलाचे बरेच आलेख असेच काढतात. सोबत पावसाचे स्तंभ दिले, तर द्राक्षबागायतदाराला फारसं समजावावंही लागत नाही.

चित्र नीट मांडलं की ते स्वतःच बोलतं. १८५४ च्या लंडनमधल्या कॉलऱ्याच्या साथीतले मृत्यू डॉक्टर जॉन स्नो यांनी नकाशावर ज्या त्या घरापाशी मांडले. ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाभोवतीची मृत्यूंची गर्दी लगेच नजरेत भरते.

ज्यांच्या गावची मोजमापं घेतली, त्यांतल्या दोघाचौघांना आलेख आधी दाखवून "काय दिसतंय?" एवढं विचारायला कितीसा वेळ लागतो?