तुम्ही विचारलंत म्हणून: मनाकडे बघून राग जातो का?

"स्वतःच्या मनाकडे असं बघत राहून राग जातो का हो?" गोव्यात फोंडा, डिचोली, पेडणे, कुठेही बोलायला गेले तरी शेवटी हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याच्या आवाजात बहुतेक वेळा उत्तरही असतं: जात नाही ना, मग कशाला हा खटाटोप? म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

राग जात नाही. तो घालवण्यासाठी हे करायचंही नाही. राग घालवायला निघालेला माणूस तो गिळायला शिकतो, आणि गिळलेल्या भावनेचं काय होतं हे मोजून झालेलं आहे. 1993 मध्ये जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना किळस यावी अशी दृश्यं दाखवली आणि काही जणांना चेहऱ्यावर काहीच दिसू देऊ नका असं सांगितलं. चेहरे शांत राहिले. आतली किळस मात्र तेवढीच होती आणि शरीरावरच्या ताणाच्या काही खुणा उलट वाढल्या. म्हणून "मी काही बोलत नाही, सगळं सोडून देते" असं कुणी सांगितलं की मला काळजी वाटते.

मग मिळतं काय? भावना उठणं आणि तोंडातून शब्द जाणं यांच्यात थोडी फट पडते. आणि ज्याला आपण राग म्हणत आलो तो रागच होता का, हे कळतं. मला ही दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते.

ध्यान, प्राणायाम तुम्हाला माहीत आहे, ते पुन्हा सांगत नाही. मी सांगते ते वहीचं काम आहे. मोबाइल नको, कारण तो उघडला की दुसराच निरोप समोर येतो. पानावर चार रकाने आखा: वेळ, शरीर, नाव, काय करावंसं वाटलं. हा क्रम मोडू नका. आधी शरीर, म्हणजे जबडा, गळा, छाती, पोटाचा वरचा भाग, तळहात. "छाती जड", "कान गरम" इतकंच लिहा. त्या क्षणी श्वास मुद्दाम संथ करू नका. आधी आहे तसा बघा, नाहीतर स्वतः केलेला बदलच वहीत उतरेल. शेजारी 0 ते 10 मध्ये तीव्रता लिहा. मग नाव. चौथ्या रकान्यात जे केलं ते लिहायचं नाही, करावंसं वाटलं ते लिहायचं. फोन आपटावा, उठून जावं, कुणीतरी जवळ बसावं. भावना ओळखायला या रकान्याइतका उपयोग कशाचाच होत नाही. रागात माणूस समोरच्यावर जाऊ बघतो, भीतीत मागे सरतो, लाजेत कुणाला दिसू नये असं वाटतं, दुःखात कुणीतरी हवं असतं.

नोंदीची वेळ ठरलेल्या प्रसंगांना बांधा: फोन ठेवल्यावर, गाडी उभी करून उतरण्याआधी, रायबंदरहून चोडणला जाताना फेरीबोटीत. दिवसाला तीन नोंदी पुरेत. सुरुवात घरातल्या जुन्या भांडणापासून करू नका. 2-3 तीव्रतेच्या कुरबुरी घ्या: पोदेर, म्हणजे पाववाला, न थांबता पुढे गेला, रांगेत कुणी घुसलं. पानाच्या तळाशी एक ओळ झोप, जेवण, पाळी आणि उकाड्याची. मे महिन्याच्या शेवटी घामाने रात्र गेलेली असते, दुपारचे तीन वाजले तरी पोटात काही नसतं, आणि वहीत लिहिलेलं असतं "नवऱ्याचा राग". ती तळाची ओळ वाचल्याशिवाय वरच्या नोंदीवर विश्वास ठेवू नका.

'टेन्शन', 'मूड गेला', 'वाईट वाटलं' ही नावं पहिल्या आठवड्यानंतर बंद करा. मग दुसरी नावं आणायची कुठून, असं जत्रेच्या नाटकांवर वाढलेल्या गोव्याने तरी विचारू नये. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी 8 स्थायी म्हणजे टिकून राहणारे भाव, 33 व्यभिचारी म्हणजे येऊन जाणारे भाव आणि घाम, रोमांच, स्वरभंग, कंप, अश्रू असे शरीरावर दिसणारे 8 सात्त्विक भाव मांडून ठेवले आहेत. असूया, ग्लानी, दैन्य, शंका, व्रीडा म्हणजे लाज, अमर्ष म्हणजे अपमानानंतर आत धुमसत राहणारी चीड, अवहित्थ म्हणजे मनातलं लपवणं. नटासाठी केलेली ही यादी वहीलाही उपयोगी पडते. एका नोंदीत दोन नावं चालतील. सुचलं नाही तर प्रश्नचिन्ह घाला, उगाच काहीतरी चिकटवू नका.

बिघडतं कुठे? नावाच्या रकान्यात आरोप येतो. "त्याने मला गृहीत धरलं असं वाटलं" हे त्याच्याबद्दलचं अनुमान झालं. तुम्हाला काय झालं ते अजून लिहायचंच आहे. दुसरं, 'का'. "मला असं का होतं?" यावरून सुरू झालेलं पान लग्नापर्यंत, मग बालपणापर्यंत जातं आणि तासाभराने राग होता तिथेच असतो. हे उगाळणं आहे, आणि उगाळत राहणाऱ्यांचं नैराश्य लांबतं हे मानसशास्त्रज्ञ सुसान नोलन-होक्सेमा यांनी 1991 पासून वारंवार दाखवलं. 'का'ऐवजी 'काय' विचारा: आत्ता काय होतंय, आत्ता काय हवंय. पंधरा मिनिटांत वही मिटा. जुनी पानं रोज चाळू नका, दोन आठवड्यांनी एकदम वाचा. आणि हे शस्त्र दुसऱ्यावर चालवू नका. "तुला आता असूया होतेय" असं जावेला सांगणं हा निव्वळ उद्धटपणा आहे.

छातीतली कळ हाताकडे, जबड्याकडे जात असेल, दम लागत असेल, तर वही नको, तडक इस्पितळ गाठा. कित्येक आठवडे झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर बांबोळीची मनोरुग्ण संस्था आहे, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक आहे. जुना आघात सोसलेल्या माणसाने डोळे मिटून शरीर न्याहाळलं तर घाबरगुंडी वाढू शकते. त्याने डोळे उघडे ठेवावेत, पाय जमिनीला टेकवावेत, आणि शक्यतो एकट्याने करू नये.

आता एका वहीबद्दल. त्या बाईंच्या परवानगीने लिहिते.

घरातली ही थोरली सून. सासूबाई गेल्यानंतरची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. गणपतीवर रानातली फळं-फुलं टांगून बांधतात ती माटोळी. आदल्या संध्याकाळी मुंबईहून धाकटा दीर आला, वर बघून म्हणाला, "वयनी, यंदा माटोळी आटोपशीर केली?" बाई "हो भावजी" म्हणाल्या, हसल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. पहिली नोंद तिथली: जबडा आवळलेला, कान गरम, राग, 8. चौथा रकाना कोरा. कोरा रकाना दिसला की मी थांबते, कारण 8 तीव्रतेच्या रागात काहीच करावंसं वाटलं नाही, असं सहसा होत नाही.

दुसरी नोंद रात्रीची. गळा दाटलेला, मान वर करवत नाही. काय करावंसं वाटलं: माटोळी झाकून टाकावी. नाव: व्रीडा, पुढे प्रश्नचिन्ह. तिसरी नोंद दुसऱ्या दिवशी, आरतीनंतरची. कांगलां, घागऱ्या, आटकां कुठल्या रानातून कुणाकडून आणायची हे सासूबाईंना ठाऊक होतं. बाईंनी बाजारात मिळालं तेवढं बांधलं होतं. छाती पोकळ. काय करावंसं वाटलं: त्यांना विचारावं. नाव: शोक.

एवढं सांगितलं की लोक सुटकेचा श्वास टाकतात. रागाखाली लाज होती, लाजेखाली शोक होता, सापडलं! पण पुढचं ऐका. पाचव्या दिवशी विसर्जन झाल्यावर बाईंनी दिराला सांगितलं, "भावजी, मला तुमचा राग नव्हता आला. सासूबाईंची आठवण आली, आणि त्यांच्यासारखं मला जमत नाही याची लाज वाटली." दीर म्हणाला, "म्हणजे आईचं मला काहीच नाही, असं म्हणायचंय तुला?" आणि उठून गेला. पुढच्या चवथीला तो दीड दिवसच राहिला. बाईंनी मला विचारलं, "राग म्हणूनच ठेवला असता तर बरं झालं नसतं का? राग चार दिवसांत उतरला असता. हे उतरत नाही."

पूर्वी मी ठासून सांगायचे की नाव दिलं की निम्मं काम झालं. आधार होता 2007 मधला मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास: चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की अमिग्डला या मेंदूतल्या भीती-रागाशी जोडलेल्या भागाची खळबळ कमी होते. ते निष्कर्ष मी आजही नाकारत नाही. पण तिथे माणसं यंत्रात पडून अनोळखी चेहऱ्यांची छायाचित्रं बघत होती. ओसरीवर चहाची वाट बघत बसलेला दीर तिथे नव्हता. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या 1986 मधल्या प्रयोगात चार दिवस रोज 15 मिनिटं आपल्या आघाताबद्दल लिहिणाऱ्यांना लिहून झाल्याझाल्या जास्तच वाईट वाटलं होतं. पुढच्या महिन्यांत त्यांचं दवाखान्यात जाणं मात्र कमी झालं. हा पहिला भाग मी पूर्वी मोठ्याने सांगत नसे. आता आधी तोच सांगते.

तरी माझी पूर्वीची बाजू गप्प बसत नाही. ती म्हणते, राग म्हणूनच ठेवला असता तर दर चवथीला वहीत 8 आला असता आणि दीर आपलं काय चुकलं हे न कळताच त्या घरात गुन्हेगार राहिला असता. मी म्हणते, तो आताही दुखावलेलाच आहे, आणि बाई जास्त एकट्या पडल्या आहेत. ती म्हणते, कळणं आणि सांगणं ही दोन कामं आहेत, बाईंनी एकापाठोपाठ एक केली; दोन आठवडे थांबायला हवं होतं. दोन आठवड्यांनी दीर मुंबईत असता, असं बाईंनीच मला सुनावलं. फोनवर ही गोष्ट बोलता येत नाही, हे त्यांचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही.

त्यामुळे राग जातो का, या प्रश्नाला मी नाही म्हणते आणि पुढची पद्धत शिकवते. पण ज्याला वही उघडायची आहे त्याला आता आधीच विचारते: रागाखाली जे निघेल ते सांगायला घरात कुणी आहे का? नसेल तर पहिले दोन महिने फक्त 2-3 तीव्रतेच्याच नोंदी करा. बाईंनी वही सोडलेली नाही. दिराशी बोलावं की नाही, हे आमचं अजून ठरलेलं नाही.