व्हीयू२ अचूक पोचवायचं, अचूक उतरवायचं: मुरूडहून (दापोली) सीडब्ल्यू कॉन्टेस्टच्या तयारीची नोंद

सीक्यू वर्ल्ड वाइड या हौशी रेडिओ (हॅम) स्पर्धेचा सीडब्ल्यू, म्हणजे मोर्स संकेतांचा, भाग नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी असतो. आपल्या घड्याळाप्रमाणे शनिवारी पहाटे ५.३० ते सोमवारी पहाटे ५.३०, सलग ४८ तास. यंदा क्यूएसओंच्या (दोन स्टेशनांमधल्या संपर्कांच्या) संख्येमागे धावायचं नाही, लॉग (संपर्कांची नोंद) शुद्ध ठेवायचा, असं ठरवलंय. कारण नियमातच आहे. समोरच्याचा कॉलसाइन (स्टेशनचं ओळखचिन्ह) चुकीचा उतरवला तर त्या क्यूएसओचे गुण जातात आणि वर त्याच्या दुप्पट दंड बसतो. दुसऱ्या खंडातल्या स्टेशनचे ३ गुण धरले, तर एका अक्षरापायी ९ गुणांचा फरक पडतो.

व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होणाऱ्या आपल्या भारतीय कॉलसाइनचं मोर्समधलं रूप बघा. व्ही म्हणजे तीन डिट (आखूड सूर), एक डा (लांब सूर). यू म्हणजे दोन डिट, एक डा. २ म्हणजे दोन डिट, तीन डा. ३ म्हणजे तीन डिट, दोन डा. सगळा खेळ सुरुवातीचे डिट मोजण्याचा. सिग्नल लाटेसारखा वरखाली होत असताना व्हीचा एक डिट बुडाला की यू ऐकू येतो. उलट स्टॅटिकचा एक टिचका व्हीच्या आधी पडला की चार डिट, एक डा, म्हणजे ४. मग व्हीयू२ चं ४यू२ होतं. ४यू हा संयुक्त राष्ट्रांचा प्रीफिक्स (कॉलसाइनची सुरुवात) आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याला त्यात काही वावगं वाटतच नाही. तो बिनधास्त लॉग करतो.

म्हणून सरावात दोन गोष्टी पक्क्या करतोय. कॉलसाइन एक्सचेंजपेक्षा (संपर्कात एकमेकांना द्यायच्या माहितीपेक्षा) थोडा हळू आणि अक्षरांत मोकळी जागा ठेवून पाठवायचा. ५एनएन २२ (सिग्नलचा रिपोर्ट ५९९, त्यात ९ ऐवजी एन, आणि पुढे झोन म्हणजे जगाच्या विभागाचा क्रमांक) वेगात गेलं तरी चालतं, भारताचा झोन २२ हे सगळ्यांना ठाऊक असतं. दुसरं म्हणजे समोरून आपला कॉल चुकीचा आला, तर रिपोर्ट देण्याआधी फक्त कॉल, दोनदा. तो बरोबर परत आला की मगच ५एनएन. रिपोर्ट आणि दुरुस्ती एकत्र पाठवली की समोरचा ऑपरेटर रिपोर्ट घेतो आणि दुरुस्ती कानाआड करतो.

उतरवताना खरी परीक्षा अमेरिकन स्टेशनांची. लॉगर (नोंदीचं सॉफ्टवेअर) कॉलसाइन बघून झोन आधीच भरून ठेवतो, पण तिथे ३, ४, ५ असे तीन झोन आहेत आणि माणूस दुसऱ्या राज्यात राहायला गेला तरी जुना कॉल तसाच ठेवू शकतो. कॉलमधल्या आकड्यावर विसंबू नका, झोन कानाने ऐका. फोनवरच्या (म्हणजे मोर्सऐवजी रेडिओवर आवाजाने बोलणाऱ्या) मंडळींसाठी एक आग्रह: 'डबल टू' म्हणू नका. फोन नंबर सांगताना आपल्याला ती सवय असते, पण गोंगाटात 'डबल' हरवतं आणि नुसता 'टू' पोचतो. 'टू टू' म्हणा, सुटं सुटं.

२० मीटर बँडची व्हर्टिकल (उभी अँटेना) आता बागेच्या पश्चिम कडेला, पुळण सुरू होते तिथे उभी आहे. पाव तरंगलांबी, म्हणजे साधारण ५ मीटर. खारं पाणी उत्तम वाहक, त्यामुळे समुद्राच्या बाजूला कमी कोनात जाणाऱ्या लहरींना चांगली साथ मिळते. वायव्येला युरोप, पश्चिमेला आफ्रिका, दोन्हीकडे समोर फक्त पाणी. जपानच्या बाजूला मात्र सह्याद्री आडवा. खाऱ्या वाऱ्याने पीएल-२५९ (केबलचे कनेक्टर) हिरवे पडतात, म्हणून प्रत्येक जोडावर रबरी टेप घट्ट ताणून गुंडाळली आहे.

कॉन्टेस्टचा हा सराव कशासाठी, तर ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवा. दापोली-मंडणगडकडे वीज आणि मोबाइल कितीतरी दिवस बंद होते. अशा वेळी निरोप पोचवायचा तर शब्द ना शब्द बरोबर हवा. त्यामुळे रविवारी २ मीटर बँडवर आम्ही शेजारचे हॅम एकमेकांना निरोप देऊन बघतो. आधी क्रमांक, मग शब्दसंख्या, मग मजकूर. घेणाऱ्याने शब्द मोजायचे आणि संख्या जुळली तरच 'क्यूएसएल' (निरोप मिळाला) म्हणायचं. गावाचं नाव फोनेटिकमध्ये (प्रत्येक अक्षरासाठी ठरलेला शब्द वापरून) सुटं करून सांगायचं, आणि बुद्रुक की खुर्द हे गाळायचं नाही. ते गाळलं की मदत भलत्याच गावी जाते.

पुढचा टप्पा मे महिन्यातली डब्ल्यूपीएक्स सीडब्ल्यू ही मोर्सचीच दुसरी स्पर्धा. तिथे झोन नाही, ००१ पासून चढत जाणारा अनुक्रमांक असतो, त्यामुळे प्रत्येक एक्सचेंज नवं आणि लॉगरची मदत शून्य. शून्याला टी आणि नवाला एन पाठवणारे बरेच भेटतात, ते कानात बसायला आतापासून रोज संध्याकाळी आकडेच ऐकतोय. शिवाय मेअखेरीस वळवाच्या विजा असतात, तेव्हा व्हर्टिकल झटपट आडवी करता यावी म्हणून तळाशी बिजागरी बसवायची आहे. कुणी खाऱ्या हवेत टिकणारी बिजागरी वापरली असेल तर धातू कोणता ते जरूर कळवा.