बोट रुतली, आता भरतीची वाट बघा

आज सरळ खुर्चीत बसून लिहितोय आणि खरं सांगायचं तर खुर्चीच तिरकी वाटतेय, कारण कालचा निम्मा दिवस मी पंचेचाळीस अंशांत कललेल्या बोटीत, एक पाय भिंतीला आणि एक पाय टेबलाला लावून काढलाय.

बोट मित्राची, नऊ-साडेनऊ मीटरची, शिडाची, खाली एकच खोल कील, म्हणजे तळाला बसवलेलं जड पातं, असलेली. आम्ही तिघं, मी, तो आणि त्याचे काका. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर पण आहे, फक्त चार्टवर जिथे आहे तिथे तो आता राहिलेला नाही. हे दांडे सरकतातच, एक मोठं वादळ झालं की आख्खी वाट बदलते. तर सकाळची भरती होऊन तासभर झाला होता, पाणी उतरायला लागलेलं, आणि आम्ही त्यावर बसलो. धाडकन आवाज वगैरे काही नाही हं. शिडं भरलेली, वारा तोच, फक्त मागे फेसाची जी रेघ पडते ती पडायची थांबली. डेप्थ मीटरकडे बघायच्या आधीच मित्राच्या तोंडावर सगळं दिसलं.

पाणी चढत असताना रुतलात तर काळजी नाही, थोडं थांबलं की बोट आपसूक सुटते. उतरत्या पाण्यात मात्र पहिली पाच-दहा मिनिटंच तुमची. तेवढ्यात आम्ही जे करतात ते सगळं केलं, शिडं घट्ट ओढली, तिघंही एकाच कडेला जाऊन बाहेर ओणवे झालो म्हणजे बोट कलते आणि कील थोडी वर येते, आणि इंजिन रिव्हर्सला. हलली पण, वीतभर. मग परत ठप्प.

काका म्हणाले, "अजून जोर दे की!" आता काका वयाने मोठे, त्यांना कोण नाही म्हणणार, पण मित्राने सरळ इंजिन बंद केलं. "काका, राहू द्या आता. गेलं पाणी." बरोबर होतं त्याचं. रिव्हर्समध्ये इंजिनच्या पंख्याचं पाणी पुढे कीलच्या दिशेने जातं, म्हणजे वाळू उडून तिथेच साचते, आणि इंजिन थंड ठेवायला जे समुद्राचं पाणी आत ओढलं जातं त्याबरोबर तीच वाळू फिल्टरमध्ये, पुढे पंपात. माझं तर मत झालंय की मऊ वाळूवर नुसतं बसून बोटीचं फारसं काही बिघडत नाही, बिघडतं ते नंतरच्या ओढाताणीत. कोणीतरी मोठी बोट घेऊन येतं, दोर मिळेल तिथे बांधतं, दणका देतं, आणि डेकवरचा खुंटा उपटून हातात. तसे दोघं-तिघं विचारून गेले पण, हात हलवून नको म्हटलं. व्हीएचएफ रेडिओवर तटरक्षकांना कळवून ठेवलं की रुतलोय, धोका नाही, रात्रीच्या भरतीला निघू. हे कळवलेलं बरं, नाहीतर किनाऱ्यावरून आडवी बोट बघून कोणीतरी घाबरून फोन करतोच.

मग हिशोब. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं. पण पाणी सहा तास एकाच वेगाने चढत-उतरत नाही, त्याला बारा भागांचा नियम लावतात, एकूण फरकाचे बारा भाग धरून: पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. भरती-ओहोटीत ३ मीटरचा फरक धरला तर पहिल्या तासात जेमतेम २५ सेंटिमीटर जातं आणि मधल्या दोन तासांत दीड मीटर. म्हणजे आम्ही भरतीच्या माथ्यापासून २५ सेंटिमीटर खाली बसलो होतो, तर परत तेवढं पाणी आलं की सुटणार. सोपं आहे ना? नाही. पौर्णिमा होऊन चार दिवस झालेले, उधाण ओसरून भांगाकडे, म्हणजे कमी चढ-उताराच्या दिवसांकडे चाललेलं, त्यामुळे रोजची भरती आदल्यापेक्षा थोडी कमी. टाइड टेबलमध्ये रात्रीची भरती सकाळच्यापेक्षा १० सेंटिमीटरने कमी दिली होती. उरले १५. एवढ्यावर रात्र अवलंबून. उधाणाच्या भरतीच्या अगदी माथ्यावर बसलो असतो तर पुढच्या उधाणापर्यंत पंधरा दिवस तिथेच मुक्काम पडू शकतो, त्यामानाने आम्ही नशीबवानच.

काकांनी मग हट्ट धरला की पाण्याची टाकी रिकामी करा, बोट हलकी होईल. २०० लिटर म्हणजे २०० किलो, आणि एवढ्या बोटीला त्याने फरक पडतो जेमतेम सेंटिमीटरभर. पण १५ मधला एक सेंटिमीटर म्हणजे काही कमी नाही, सोडलं पाणी, पिण्यापुरतं कॅनमध्ये ठेवून. इथे मला कॅप्टन कुक आठवला. ११ जून १७७० च्या रात्री त्याचं एंडेव्हर जहाज ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफवर चढलं, तेही नेमकं भरतीच्या वेळी. पुढच्या दिवसाच्या भरतीला उचलेल म्हणून थांबले तर पाणी दीड फूट कमी पडलं. तोपर्यंत तोफा, लोखंड, दगड, पिंपं असं चाळीस-पन्नास टन सामान समुद्रात फेकलेलं होतं. शेवटी त्या रात्रीची भरती जास्त चढली आणि जहाज सुटलं. त्यातल्या सहा तोफा १९६९ मध्ये सापडल्या, तळातून वर काढल्या. दिवसाची आणि रात्रीची भरती सारखी नसते हे त्याला केवढ्याला पडलं बघा, आम्हाला तेच छापील तक्त्यात आयतं मिळतं.

बोट कलायला लागायच्या आधी एक गोष्ट ठरवावी लागते, कुठल्या बाजूला कलायची. दांड्याच्या उंच बाजूला कललेली चांगली. खोल बाजूला पडली तर डेक पाण्याकडे तोंड करून, आणि भरती आली की बोट उचलायच्या आत पाणी कॉकपिटमध्ये, म्हणजे डेकवरच्या उघड्या बसायच्या जागेत शिरतं. म्हणून बूम, म्हणजे शिडाखालची आडवी काठी, उंच बाजूला बाहेर काढलं, जड सामान त्याच बाजूला हलवलं, आणि आम्ही तिघं त्याच कडेला. पोट जिथे टेकणार तिथे खाली फेंडर (बोटीला धक्का लागू नये म्हणून लावतात ते फुगे) आणि दोन गाद्या सरकवल्या. गॅस बंद, खिडक्या बंद, तळातल्या सगळ्या कॉक, म्हणजे समुद्राचं पाणी आत-बाहेर जायच्या तोट्या, बंद, डिझेलच्या टाकीच्या हवेच्या नळीला बोळा. काका तेवढ्यात विचारतात, संडास वापरायचा कसा. कॉक बंद म्हणजे तोही बंद. यावर मी जास्त लिहीत नाही.

दुपारी चारच्या सुमाराला आम्ही खाली उतरून बोटीभोवती चाललो. कीलच्या पुढच्या कडेला वाहत्या पाण्याने गुडघाभर खड्डा केलेला, त्यात उरलेल्या पाण्यात दोन करंगळीएवढे मासे अडकलेले, आणि सुकाणूच्या खालच्या टोकाचा रंग गेलेला, आतला पांढरा फायबर दिसत होता, बास, एवढंच. काकांनी खिशातून पत्र्याचा तुकडा काढला आणि पंख्यावर कालवांसारखे चिकटलेले कवचवाले जीव (बार्नॅकल) खरवडायला बसले, तासभर तेच, एकदम खूश. मी आणि मित्र दुसरा नांगर खांद्यावर घेऊन खोल पाण्याच्या दिशेने चालत गेलो, हाताने वाळू उकरून पुरला, दोर आणून विंचला, म्हणजे डेकवरच्या दोर ओढायच्या चक्राला गुंडाळला. एरवी हाच नांगर लहान होडीत घालून, वल्हवत, शिव्या देत न्यावा लागतो.

आणि इथून पुढे जे, ते कोणी नीट सांगत नाही. सगळे ओहोटीला घाबरतात. पाणी जातं तेव्हा बोट सावकाश टेकते, काही होत नाही. पाणी येतं तेव्हा खरी परीक्षा. अंधार पडलेला, वारा थोडा वाढलेला, आणि वाळूच्या पन्हळींमधून पाणी आधी इंच-इंच घुसतं, मग बघता बघता रेलिंगजवळ. तीन-तीन भागांचे ते दोन तास. आपण आत आडवे, पाणी वर चढतंय, बोट मात्र उठायचं नाव नाही. कॉकपिटच्या कडेपासून चार बोटांवर पाणी होतं तेव्हा ती पहिल्यांदा कुरकुरली आणि एक अंशभर सरळ झाली. त्यानंतर सरळ व्हायला तिने वेळ लावला नाही, पण सरळ झाली म्हणजे सुटली नव्हे. आता ती कीलवर उभी, आणि प्रत्येक लाटेला वीतभर उचलून दाणकन खाली. डोलकाठी वरपासून थरथरते, कपाटातल्या वाट्या वाजतात. अर्धा तास हे. यात कीलचे बोल्ट सैल होतात, ओहोटीत नाही.

साडेनऊनंतर एका लाटेला दणका बसला नाही. मित्र ओरडला, "ओढा!" काका आणि मी विंचवर, दोर ताणला, बोट अर्धा मीटर सरकली, थांबली, परत सरकली, आणि मग विंच एकदम हलका. इंजिन लगेच नाही लावलं, नांगराजवळ खोल पाण्यात पोचल्यावरच.

आत जाऊन पहिलं काम बिल्ज, म्हणजे पाणी साचतं तो बोटीचा सगळ्यात खालचा तळ बघायचं, कोरडं. कीलचे बोल्ट टॉर्च लावून बघितले, कडेला भेग नाही, तरी पुढच्या आठवड्यात बोट बाहेर काढून नीट बघणार आहे तो. इंजिनचा फिल्टर उघडला तर सकाळच्या त्या काही मिनिटांच्या रिव्हर्सची मूठभर वाळू आत. काकांना दाखवली. ते म्हणाले, "बघ, मी अजून जोर दे म्हणालो तेव्हा तू बंद केलंस हे बरं केलंस," आणि वर, "पण आधी द्यायला हवा होता."