ब्रेड नेहमी तळाशी

शनिवार, रात्र

आजही ब्रेड पिशवीत तळाशीच गेला. त्यावर साखर, साखरेवर पिठाची पिशवी, आणि कडेने आडवी झोपलेली तेलाची बाटली. घरी येऊन ओट्यावर सगळं रिकामं केलं तेव्हा ब्रेड शेवटी बाहेर आला. आईने पुडा उचलला, डॉक्टर एक्सरे धरतात तसा दिव्यासमोर धरला आणि म्हणाली, "आज त्रिकोणी मिळाला का गं?"

रोजनिशीत लिहावं एवढी मोठी ही गोष्ट नाही, कळतंय मला. पण गेल्या काही आठवड्यांचा हिशेब मांडला तर नुसता ब्रेडच नाही. टोमॅटो एकदा डिटर्जंटच्या पुड्याखाली आले, पिशवीच्या कापडावर तो डाग अजून आहे. अंड्यांचा खोका उभा कोंबलेला, म्हणजे आतली अंडी सगळी आडवी. अंडं टोकावर उभं असतं तेव्हा बरंच वजन सोसतं, कमानीसारखं. खोका बनवणाऱ्याने प्रत्येक अंड्याला उभं राहायला खळगा करून दिलाय, तो काय शोभेसाठी? आणि एकदा तर अंगाच्या साबणाच्या वड्या ब्रेडला खेटून बसून आल्या. दोन दिवस आमच्या टोस्टला गुलाबाचा वास. आई म्हणाली, आंघोळ आणि नाश्ता एकदमच उरकला.

"एवढं लागतं तर तिथेच सांगावं ना माणसाने," हेही तीच म्हणाली.

सांगायचं कधी, हाच प्रश्न आहे. पिशवी भरली जाते नेमकी त्याच वेळी मी स्क्रीनवरचे आकडे बघत असते, एका हातात कार्ड, डोक्यात पिन, मागे रांग. मागच्या बाईंची ट्रॉली माझ्या टाचेला लागलेली. बीप, बीप, बीप. मान वळवून "ब्रेड वर हं" म्हणेपर्यंत पिशवी भरणारा मुलगा "हो काकू" म्हणतो, आणि ब्रेड केव्हाच खाली गेलेला असतो. आता तो काढायचा म्हणजे सगळी पिशवी उपसायची. मागच्या बाई सुस्कारा सोडतात. मी म्हणते, "राहू दे."

घरी येईपर्यंत मात्र त्या "राहू दे"चा राग येत राहतो. मुलाचा नाही, माझाच. असेल अठरा-एकोणीस वर्षांचा. सकाळपासून उभा असणार. त्याच्यावर ओरडायचं तरी कुठल्या तोंडाने?

दुसरी तक्रार वजनाची. दोन पिशव्या दिल्या होत्या. एकीत जगातलं सगळं वजन, दुसरीत पापुद्र्यासारखी हलकी चार पाकिटं. जड पिशवीचे बंद बोटांत इतके रुतले की लिहिताना अजून मधल्या बोटावर वळ दिसतोय. बंद रुंद असते तर तेच वजन तळहातभर पसरलं असतं. पण बंद ओझ्याने गोळा होतो, त्याची दोरी होते, आणि सगळा भार बोटाच्या एका रेघेवर येतो. दिवा घालवते आता.

रविवार

सकाळी त्रिकोणी टोस्ट भाजताना एकदम लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावर जरा शरमच वाटली.

ट्रॉलीत मी केवढी शहाणी असते! जड खाली, नाजूक वर. साखर, पीठ, तेल तळाला. मधे साबण, डबे. वर टोमॅटो. आणि सगळ्यांच्या डोक्यावर ब्रेड, हत्तीच्या अंबारीतल्या राजासारखा. मग काउंटर येतो. ट्रॉली रिकामी करताना पहिला हात कुठे पडणार? वरच्या वस्तूवर. म्हणजे पट्ट्यावर ब्रेड सगळ्यांच्या पुढे. बिल करणाऱ्या मुलीच्या हातात पहिला ब्रेड, म्हणून पिशवीतही पहिला ब्रेड. ट्रॉली मी जितकी काळजीने लावते तितका तो हमखास तळाशी जातो. निष्काळजीपणे कोंबलं असतं तर निदान नशिबाने कधीतरी वर आला असता.

दादाला फोन केला, कारण असलं काही सापडलं की त्याला सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. तो कॉम्प्युटरवाला. "अगं, याला स्टॅक म्हणतात," म्हणाला, "शेवटी ठेवलं ते आधी निघतं. एका स्टॅकमधून दुसऱ्यात ओतलंस की क्रम उलटा होणारच." मग त्याला जोर चढला. ठरावीक मापाच्या पिशव्यांत वेगवेगळ्या आकाराच्या वस्तू कमीत कमी पिशव्या वापरून बसवणं, हे म्हणे त्यांच्या शास्त्रातलं नावाजलेलं कठीण कोडं आहे, बिन पॅकिंग नावाचं. वस्तू वाढल्या की दर वेळी सर्वांत उत्तम उत्तर झटपट काढून देणारी रीत अजून कुणाला सापडलेली नाही. मोठ्या वस्तू आधी, लहान नंतर, असं साधं धोरण ठेवलं तर बऱ्यापैकी जमतं, एवढंच. मी विचारलं, "त्यात टोमॅटो चेपतो का?" म्हणाला, नाही, त्या कोड्यात काहीच चेपत नाही. मग काय उपयोग.

दुपारी झोपायचं सोडून पिशव्यांबद्दल वाचत बसले. (आईच्या मते हा माझा आजार आहे.) पिशवीला सपाट तळ असतो हे मी आपलं धरूनच चालले होते. पण तो कुणीतरी आणलाय. अमेरिकेत मार्गारेट नाइट नावाची बाई कागदी पिशव्यांच्या कारखान्यात कामाला होती. तिथल्या पिशव्या पाकिटासारख्या, तळच नाही. तिने सपाट तळाची पिशवी घडी घालून चिकटवणारं यंत्र बनवलं. नमुना तयार होत असताना एका माणसाने तो पाहिला आणि आपल्याच नावावर पेटंट मागितलं. बाईने भांडून ते परत मिळवलं, 1871 मध्ये. उभी राहणारी पिशवी यंत्रावर बनू लागली ती तिच्यामुळे. वस्तूवर वस्तू नीट रचता येते ती तळ असला तर.

आणि मग जवळजवळ शंभर वर्षांनी तो तळ पुन्हा गेला. स्टेन गुस्ताफ थुलिन हे स्वीडनचे अभियंते, हल्लीची प्लास्टिकची कॅरीबॅग त्यांची. प्लास्टिकची सपाट नळी घ्यायची, दोन्ही टोकं चिकटवायची, वरून मधला तुकडा कापला की दोन बंद तयार. बनियन कापावं तसं. 1965 मध्ये त्याचं अमेरिकेतलं पेटंट मिळालं. कल्पना भन्नाट, स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट ओझं उचलते. पण खाली तळ म्हणून काही नाही, नुसता सांधा. त्यात काही ठेवलं की ते मधल्या खोलगट भागात गडगडतं, आणि सगळ्या वस्तू एकमेकींच्या गळ्यात पडतात. थुलिन स्वतः एक पिशवी घडी करून खिशात ठेवायचे, पुन्हा पुन्हा वापरायचे, असं त्यांच्या मुलाने पुढे सांगितलंय. जगाने तेवढीच गोष्ट उचलली नाही.

माझी कापडी पिशवी तरी कुठे वेगळी आहे? तिलाही तळ नाहीच. काउंटरवर टाकली की पोतेऱ्यासारखी पडते. त्या मुलाला एका हाताने तिचं तोंड उघडं धरावं लागतं आणि दुसऱ्या हाताने भरावं लागतं. एकहाती माणसाकडून मी रचनेची अपेक्षा ठेवते.

घाईचंही मूळ सापडलं असं मला वाटतं. 26 जून 1974 ला अमेरिकेत, ओहायोमधल्या ट्रॉय या गावी दुकानाच्या काउंटरवर आजच्या पद्धतीचा बारकोड पहिल्यांदा वाचला गेला, च्युइंगमच्या पुड्यावरचा. त्याआधी गल्ल्यावरचा माणूस प्रत्येक वस्तूवरची किंमत बघायचा, बटणं दाबायचा. तेवढ्यात भरणाऱ्याला दोन श्वास मिळत असतील. यंत्राने वस्तू वाचायचा वेळ पळवला, वस्तू रचायचा वेळ मात्र तेवढाच लागतो. हातांचं कुणी नवं यंत्र काढलं नाही.

सगळ्यात मजा याची वाटली: अमेरिकेत किराणा दुकानदारांची संघटना पिशवी भरण्याची स्पर्धाच घेते, 1987 पासून. वेग बघतात, वजन पिशव्यांत सारखं वाटलंय का बघतात, रचना बघतात, शिवाय चेहऱ्यावरचा भाव आणि टापटीप. म्हणजे हे कौशल्य आहे हे कुठेतरी मान्य आहे तर. आई म्हणाली, "तू परीक्षक म्हणून जा. भाव तर तुझ्या चेहऱ्यावर भरपूर असतात."

शनिवार, रात्र

आठवडाभर काही लिहिलं नाही. आज मात्र लिहायलाच हवं.

जय्यत तयारीने गेले. जुन्या खोक्याचा पुठ्ठा मापात कापून पिशवीच्या तळाला घातला. नाइटबाईंना मनातल्या मनात नमस्कार केला. ट्रॉली उलटी लावली, म्हणजे ब्रेड आणि टोमॅटो छोट्या फळीवर वेगळे, बाकी सगळं खाली. पट्ट्यावर आधी साखर, पीठ, तेल. मग डबे. दूध आणि गोठवलेले मटार शेजारी शेजारी, म्हणजे एकमेकांना गार ठेवतील आणि त्यांना सुटणारा घाम एकाच पिशवीत राहील. शेवटी अंडी, टोमॅटो, आणि सगळ्यात मागे ब्रेड. मागे बघितलं, रांग होती. असू दे.

सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. साखर बीप, पीठ बीप. पण काउंटरच्या पलीकडे पत्र्याचा उतार आहे, हे माझ्या योजनेत नव्हतं. जड वस्तू अर्ध्यावर अडकून बसल्या. ब्रेड बिचारा हलका. तो सगळ्यांच्या अंगावरून घसरत थेट त्या मुलाच्या पुढ्यात. पिशवी अजून रिकामी होती. त्याने ब्रेड उचलला.

"थांब!"

फार मोठ्याने निघालं. बिल करणारी मुलगी थांबली, मागची रांग थांबली. तो ब्रेड हवेत धरून माझ्याकडे बघत राहिला.

"वर ठेवायचा होता," मी अगदी हळू आवाजात म्हणाले.

"काकू, मला माहितीये ब्रेड वर ठेवतात," तो म्हणाला. चिडून नाही, थकून. "पण तो येतो आधी. बाकीचं मागून येतंच असतं. हातात धरून उभा राहिलो तर भरू कशाने? बाजूला ठेवायला जागा आहे का बघा तुम्हीच."

बघितलं. खरंच नव्हती. त्याच्या डाव्या हाताला चॉकलेटांचा स्टँड, उजव्या हाताला आधीच्या गिऱ्हाइकाच्या न उचललेल्या पिशव्या. ओंजळीएवढी मोकळी जागा नाही. इतक्या शनिवारांत मी त्या बाजूने कधी बघितलंच नव्हतं.

"दे इकडे," म्हटलं, आणि ब्रेड माझ्या हातात घेतला. त्याचे दोन्ही हात मोकळे झाले, कारण पुठ्ठ्यामुळे पिशवी आपली आपण उभी होती. मग त्याने जे केलं ते मी कार्ड हातात धरून बघत राहिले. पिठाची पिशवी एका भिंतीला, साखर समोरच्या भिंतीला, त्यांच्या मधे तेलाची बाटली, उभी, झाकण वर. उरलेल्या फटीत डबे. दूध-मटार दुसऱ्या पिशवीत, त्यांच्यावर अंड्यांचा खोका सपाट. साबण कागदात गुंडाळून बाहेरच्या कप्प्यात. माझ्या पिशवीला बाहेरून कप्पा आहे हे मीच विसरले होते. शेवटी दोन्ही पिशव्यांचे बंद धरून एकेकदा उचलून पाहिलं, भुवई जरा वर गेली, आणि एक डबा इकडून काढून तिकडे टाकला. टोमॅटो सर्वांत वर. मिनिटभर तरी लागलं. मागून कुणीतरी खाकरलं.

"ब्रेडला जागा उरली नाही," तो म्हणाला. "तुम्ही हातात न्या. नीट जाईल."

म्हटलं, हे बरं. दोन हातांत दोन पिशव्या, दोन्ही सारख्या वजनाच्या, बोटांना त्रास नाही. ब्रेड काखेत. इतकं सरळ चालत मी कित्येक महिन्यांत घरी आले नव्हते. दारापाशी किल्ली काढायला म्हणून एक पिशवी खाली ठेवली, पर्स पुढे ओढली, तिच्यात हात घालून चाचपत राहिले. किल्ली नेहमीप्रमाणे तळाशी. ब्रेड पडू नये म्हणून दंड घट्ट आवळून धरला होता.

ओट्यावर सगळं काढलं. अंडी शाबूत, टोमॅटो शाबूत. आईने ब्रेडचा पुडा दिव्यासमोर धरला, एकदा उलटा करून पाहिला.

"आज याला कंबर आलीये," म्हणाली. "कुणी भरली होती गं पिशवी?"