आठ चमूंच्या बारा करण्याआधी

दिवाळी झाली की तालुक्यातालुक्यात कबड्डी लीगची बोलणी सुरू होतात. यंदा आणखी चार गावांचे अर्ज आले म्हटलं की आयोजक खूष. प्रवेश फी वाढली ना बाप्पा! नव्या चमूत खेळाडू कुठून येणार, हे मात्र कोणी विचारत नाही.

यावरचा सगळ्यात चांगला धडा बर्फावरच्या हॉकीत सापडतो. अमेरिका-कॅनडाच्या एनएचएल या लीगमध्ये 2017 साली लास वेगासची 'गोल्डन नाईट्स' ही 31 वी चमू आली. जुन्या 30 संघांनी तिला एकेक खेळाडू द्यायचा होता. त्याआधी 7 फॉरवर्ड, 3 बचावपटू, 1 गोलकीपर राखून ठेवायची मुभा; नाहीतर गोलकीपर धरून कोणतेही 9. व्यावसायिक खेळात पहिलं-दुसरंच वर्ष असलेली पोरं यादीबाहेर, म्हणजे त्यांना वेगासला नेताच येत नव्हतं.

म्हणजे वेगासच्या वाट्याला उरलासुरला माल. पण जुने संघ घाबरले. कोलंबसला दुसरेच खेळाडू वाचवायचे होते आणि एक जड करार डोक्यावरून उतरवायचा होता. म्हणून विल्यम कार्लसन देताना वरून नव्या पोरांच्या वार्षिक निवडीतला आपला पहिल्या फेरीचा हक्कही देऊन टाकला. आदल्या हंगामात 6 गोल केलेल्या कार्लसनने वेगासकडून 43 ठोकले. फ्लोरिडाने 30 गोलवाला मार्शेसो राखलाच नाही, आणि रायली स्मिथचा महागडा करार टाळायला तोही जवळजवळ फुकटात दिला. वेगासची पहिली फळी हीच तिघांची! मुख्य गोलकीपर फ्लरी दोन महिने जायबंदी असूनही 82 सामन्यांत 51 विजय, 109 गुण आणि थेट अंतिम फेरी. तिथे वॉशिंग्टनने 4-1 ने हरवलं.

2021 मध्ये सिॲटलची नवी चमू आली. नियम तेच, पण जुने संघ शहाणे झालेले. वरकड कोणी काही दिलं नाही. 27 विजय, 60 गुण.

आता आपला हिशेब. 8 मंडळांनी एकेक खेळाडू दिला तर एका नव्या चमूचे 7 आणि 1 बदली होतात. दोन चमू घेतल्या तर चौघं-चौघं. चार घेतल्या तर दोघं-दोघं, बाकी शाळेतले पोट्टे. माझ्या मते एका वर्षी दोनच घ्याव्या. 12 जणांतले 5 मंडळाला राखू द्या, पण त्यात चढाईवाले तीनच, हे आधीच लिहून घ्या. नाहीतर पाचही चढाईवालेच राखले जातात आणि नव्या चमूत नुसते कॉर्नर-कव्हरवरचे पकडवाले गोळा होतात. पहिल्या दोन वर्षांची पोरं यादीबाहेरच ठेवा, नाहीतर नवी पोरं घडवायला मंडळं कचरतात.

तरीही चार घ्यायच्याच असतील तर गट नीट पाडा. एनएचएलने 1967 मध्ये 6 च्या 12 चमू केल्या आणि सहाही नव्या एकाच गटात घातल्या. त्या गटातून एक चमू अंतिम फेरीत जाणारच, त्यामुळे नवी सेंट लुईस सलग तीन वर्षं तिथे गेली आणि तिथले बाराच्या बारा सामने हरली. प्रो कबड्डीनेही 2017 मध्ये आठाच्या बारा केल्या, पण दोन्ही गटांत दोन-दोन नव्या टाकल्या. त्यातली गुजरात पहिल्याच वर्षी अंतिम फेरीत पोचली.

गटांचा आणखी एक फायदा. 8 चमूंचे साखळी सामने 28, बारांचे तब्बल 66; सहा-सहाचे दोन गट केले तर फक्त 30. मध्यंतर, टाइम-आउट धरून एका सामन्याला तास जातो, म्हणजे संध्याकाळी 7 ते 11 चारच सामने. 66 ला 17 रात्री लागतात. 30 ला आठच. कापूस वेचणीच्या दिवसांत पोट्टे सतरा रात्री येत नाहीत, आठ रात्री येतात.

अकराच्या पुढे सामना लांबवू नका. दंव पडलं की काळी माती पायाला चिकटते, मग घसरते. कॉर्नरवाला घोटा धरायला झेपावतो आणि स्वतःचाच गुडघा मुरगळून बसतो. अंतिम सामन्याच्या दिवशी ऊन उतरलं की 13 बाय 10 मीटरच्या मैदानावर ताडपत्री अंथरा आणि नाणेफेकीलाच काढा.