सोपी आकृती आणि पाइल बीमचा लॉट

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी आम्ही उत्पादनाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर करतोय. तिथं जॅकार्ड चादरीही निघतात आणि टेरी टॉवेलही. मी सिस्टिम ॲनालिस्ट. मागांच्या शेडमध्ये फिरायचं, कामाच्या आकृत्या काढायच्या, त्यावर मालकांची सही घ्यायची, मग प्रोग्रामर कामाला लागतात. परवा तिथं घेतलेली आकृत्यांची चाचणी अजून डोक्यातून जात नाही.

आधी टॉवेलचं सांगायला हवं. टेरी टॉवेलच्या मागावर दोन बीम, म्हणजे उभ्या सुताचे रूळ, असतात. एक ग्राउंडचा, म्हणजे पायाच्या कापडाचा, आणि एक पाइलचा, म्हणजे वर दिसणाऱ्या लूपांचा. दोन पिकांना, म्हणजे आडव्या धाग्याच्या दोन फेऱ्यांना, धागा ठोकून बसवणारी फणी पूर्ण पुढं येत नाही, तिसऱ्याला येते आणि त्या धक्क्यानं पाइलचे लूप उभे राहतात. त्यामुळं पाइलचं सूत ग्राउंडपेक्षा कितीतरी जास्त खपतं. ग्राउंड अजून शिल्लक असतानाच पाइल बीम संपतो आणि दुसरा चढवावा लागतो. तो रंगाईच्या दुसऱ्या लॉटचा निघाला, तर एकाच रोलमध्ये रंगाच्या शेडचा, म्हणजे छटेचा, फरक पडतो. सोलापुरी टेरी टॉवेलला चादरीसारखंच भौगोलिक मानांकन आहे, पण शेड जुळली नाही तर व्यापारी माल परत पाठवतो. त्या वेळी कोणत्या रोलला कोणता पाइल लॉट लागला होता हे सांगता आलं पाहिजे. मालकांनी सॉफ्टवेअर मागितलं ते मुख्यतः यासाठीच.

मी दोन आकृत्या नेल्या होत्या. दोन्ही डेटाच्या, म्हणजे पीटर चेन यांनी १९७६ साली मांडलेल्या एंटिटी-रिलेशनशिप पद्धतीच्या घराण्यातल्या. कोणत्या गोष्टींची नोंद ठेवायची ते चौकटींनी आणि त्यांची एकमेकांशी नाती रेघांनी दाखवायची. पहिल्या आकृतीत 'रोल' ही एकच चौकट. चादरीला पाइल नसतो, म्हणून रोलकडून पाइल बीमकडे जाणारी रेघ तुटक ठेवलेली. नातं असेलही, नसेलही. दुसऱ्या आकृतीत रोलच्या मोठ्या चौकटीत दोन लहान चौकटी, चादर रोल आणि टॉवेल रोल. पाइल बीमची रेघ फक्त टॉवेल रोलपासून निघते आणि ती सलग आहे. पाइल बीम लागणारच, एक किंवा अनेक. दुसरी आकृती मोठी दिसते आणि पहिल्या नजरेला गिचमिड वाटते.

कामाच्या प्रवाहाची आकृती, बीपीएमएन नावाच्या ठरीव चिन्हपद्धतीतली, आधीच्या टीमनं काढून शेडच्या भिंतीवर चिकटवलेली होती. तिच्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. या पद्धतीत सुरुवात म्हणजे बारीक रेघेचं वर्तुळ, मधली घटना म्हणजे दुहेरी रेघेचं आणि शेवट म्हणजे जाड रेघेचं. स्क्रीनवर ठीक दिसतं. तिथं लावलेली होती झेरॉक्सची झेरॉक्स. दुहेरी रेघेत शाई भरून ती जाड झाली होती. 'पाइल बीम संपला' या मधल्या घटनेवर काम संपतं, असंच ते चित्र सांगत होतं. डॅनियल मूडी यांनी २००९ मध्ये चिन्हपद्धती तपासायची नऊ तत्त्वं मांडली. चिन्हं एकमेकांपासून नजरेला सहज वेगळी ओळखू आली पाहिजेत, हे त्यांतलं एक. कॉलेजात हे परीक्षेपुरतं शिकवतात. ज्यानं भिंतीवर ती झेरॉक्स लावली त्यानं एकदाही तिच्यासमोर उभं राहून ती वाचली नसणार.

तर चाचणी. आमच्याकडं सहसा आकृती टेबलावर पसरतात, "समजलं का?" विचारतात, सगळे माना हलवतात आणि सही होते. मला हे अजिबात मान्य नाही. मालकांसमोर "नाही समजलं" कोण म्हणणार? मी लोकांचे दोन गट केले आणि प्रत्येक गटाला एकच आकृती दिली, कारण एक पाहिल्यावर दुसरी आपोआप सोपी जाते. आधी साधे प्रश्न होते, कशाला काय जोडलंय एवढेच. मग अडचणीचे. 'टॉवेलचा रोल अर्धा झालाय, पाइल बीम संपला, नवा बीम वेगळ्या लॉटचा आहे. काय नोंदवाल? काहीच न नोंदवता रोल पुढं पाठवता येईल का?' आणि उत्तर देताना कागदावर बोट ठेवून दाखवायचं, अशी अट.

पहिली आकृती मिळालेल्या अण्णांनी, म्हणजे मागांची देखभाल बघणाऱ्या जॉबरनी, कागदाकडं न बघताच सांगितलं, "पाइल संपला तर दुसरा बीम चढवतो की. लॉट दुसरा असला तर तिथनं पुढचा माल येगळा ठेवायचा. रंगाच्या शेडमध्ये फरक पडतंय, मॅडम."

"अण्णा, कागदावर कुठं दिसलं हे?"

"कागदावर कशाला? माझं आयुष्य गेलंय ह्यात."

उत्तर अगदी बरोबर. आणि आकृतीच्या दृष्टीनं निरुपयोगी. अण्णांना कोरा कागद दिला असता तरी त्यांनी तेच सांगितलं असतं.

त्याच आकृतीवर ऑफिसमधली नवी कॉम्प्युटर ऑपरेटर बसली होती. तिला मागांच्या कामाची फारशी माहिती नाही, आणि रोज नोंदी तीच करणार आहे. साधे प्रश्न तिनं झटपट सोडवले. अडचणीच्या प्रश्नाला तिनं तुटक रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथं रेघ तुटक आहे ना, म्हणजे पाइल बीम नाही टाकला तरी चालतंय." तिनं आकृती चुकीची वाचली नव्हती. आकृती तेच सांगत होती.

दुसऱ्या गटात पॅकिंगचा एक मुलगा होता. तोही मागाजवळ फारसा जात नाही. त्यानं बराच वेळ घेतला, "हे लई अवघड काढलंय" असं दोनदा म्हणाला. मग बोट टॉवेल रोलच्या चौकटीवर नेलं, सलग रेघेवरून पाइल बीमपर्यंत सरकवलं. "बीम टाकल्याशिवाय रोल पुढं जाणार नाही. दुसरा चढवला तर त्याचीबी नोंद."

बोडार्ट, वेबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रयोगांतून हेच दाखवलं होतं. ऐच्छिक गोष्टी ठेवून लहान केलेली आकृती वरवरच्या आकलनाला पुरते, पण तिच्या आधारे विचार करायची वेळ आली की प्रकार वेगळे दाखवणारी आकृती सरस ठरते. मी ते वाचलेलं होतं, पण डोळ्यांसमोर घडताना पाहणं फार वेगळं.

शेवटी आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरनं सगळ्यांना दोन्ही आकृत्या दाखवून विचारलं, कुठली आकृती आवडली? बहुतेकांनी पहिली म्हटलं. पॅकिंगच्या त्या मुलानंही. मॅनेजरनं पहिलीवर सही घ्यायचं ठरवलं. "युजरला सोपी वाटते, अजून काय पाहिजे?" आवड आणि उपयोग यांत फरक असतो, हे इतकी वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला सांगावं लागतं, याचा मला संताप येतो. लिंडलँड, सिंद्रे आणि सोल्वबर्ग यांनी १९९४ सालीच मॉडेलचा दर्जा तीन अंगांनी तपासायला सांगितलं. भाषेचे नियम पाळलेत का, वास्तवाशी जुळतंय का, वाचणाऱ्याला नेमकं कळतंय का. 'आवडलं का' हे त्यांत कुठंच नाही.

तरी माझ्यापुरता एक प्रश्न उरतो. ऑपरेटर आणि तो मुलगा, दोघांच्या उत्तरांतला फरक आकृतीमुळंच पडला, हे मी किती ठामपणे म्हणू शकते? कदाचित तो मुलगा मुळातच सावकाश विचार करणारा असेल. गट लहान होते. आणि अण्णांसारख्यांची चाचणी कशी घ्यायची, हे मला अजून सुचलेलं नाही. ज्याला काम येतं त्याच्या डोक्यातलं बाजूला ठेवून फक्त कागद कसा तपासायचा? त्यांच्यासाठी आता मुद्दाम चूक घातलेली आकृती न्यायचा विचार आहे, त्यांना ती चूक सापडते का ते बघायला.

सहीचा कागद मी थांबवला आहे. मालकांना थेट फोन करून ऑपरेटरचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं. ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "म्हणजे परत आलेला माल कुठल्या लॉटचा ते परत कळणारच नाही?" सोमवारी त्यांनी दोन्ही आकृत्या घेऊन बोलावलंय. रंगाई बघणाऱ्या डाईंग मास्तरांनाही बसवा, असं मी सांगितलंय.